नवी मुंबईत घर विकायचंय? एजंटला भाव विचारण्याआधी फाइल दाखवा

घर विकायचं ठरलं की नवी मुंबईत बातमी फुटायला वेळ लागत नाही. वॉचमनच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत दोन-तीन फोन येतात. "मॅडम, टू बीएचके विकायचाय म्हणे, माझ्याकडे पार्टी रेडी आहे." त्या पहिल्या फोनवरच घर देऊन टाकणारे लोक मी बरेच पाहिले आहेत, आणि पुढे त्यांची फरपटही पाहिली आहे.

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीची सचिव असल्यामुळे हस्तांतरणाच्या फायली माझ्याकडे येतात. कोणत्या एजंटचा व्यवहार सुरळीत पार पडतो आणि कोणाचा सहा-सहा महिने लोंबकळतो, हे फाइल उघडल्यावरच कळतं. जो सर्वांत मोठा आकडा सांगतो त्याला घर देऊ नका. जो भाव सांगण्याआधी तुमची कागदपत्रं मागतो, त्याला द्या. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे, आणि शक्यतो याच क्रमाने करा.

आधी फाइल लावा

एजंटला घरी बोलवण्याआधी एक दिवस कागदांसाठी काढा. नोंदणीकृत करारनामा आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश), तुमच्या आधीच्या मालकांचे करार म्हणजेच ज्याला सगळे 'चेन' म्हणतात ती, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, सोसायटीने सभासदाला दिलेलं शेअर सर्टिफिकेट, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मालमत्ता कराची ताजी पावती, मेंटेनन्स थकलेला नसल्याचं सोसायटीचं पत्र. मूळ प्रती आपल्याकडेच ठेवा आणि एजंटसाठी झेरॉक्सचा एक वेगळा संच करा. मूळ करारनामा कुणाही एजंटच्या हाती "दोन दिवसांसाठी" देऊ नका.

गृहकर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. बँकेकडून तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र मागून घ्या. खरेदीदारही कर्ज काढणार असेल तर त्याची बँक आधी तुमच्या बँकेचं कर्ज फेडते, मग मूळ कागद सुटतात आणि उरलेली रक्कम तुमच्याकडे येते. हा क्रम ज्या एजंटला समजावून सांगता येत नाही, त्याने असे व्यवहार फारसे केलेले नाहीत असं समजा.

नवी मुंबईतली खास बाब म्हणजे सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि इथली जमीन तिने प्रामुख्याने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली. त्यामुळे सिडकोने बांधलेलं घर विकताना साधारणपणे सिडकोची हस्तांतरण परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. ते घराच्या प्रकारावर आणि क्षेत्रफळावर अवलंबून असतं, दरही सुधारले जातात, म्हणून आकडा सिडकोच्या वसाहत विभागाकडूनच घ्यायचा. खासगी बिल्डरने सिडकोच्या प्लॉटवर बांधलेली इमारत असेल तर तुमच्या सोसायटीच्या भाडेपट्ट्यात आणि करारात काय अटी आहेत ते बघावं लागतं. साडेबारा टक्के योजनेच्या (जमीन संपादित झालेल्या गावकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या) प्लॉटवरची इमारत आणि गावठाणात परवानगीशिवाय उभी राहिलेली इमारत यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या घराला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे रोकड बाळगून असलेला मोजकाच खरेदीदार उरतो. हे सगळं एजंटला माहीत असलं पाहिजे. पण त्याला माहीत आहे की नाही हे ओळखण्यापुरतं तुम्हालाही माहीत असावं लागतं.

मग भाव स्वतः काढा

एजंट मुद्दाम मोठा भाव का सांगतात? घर आपल्या हाती यावं म्हणून. एकदा चावी मिळाली की दर आठवड्याला एक निरोप येतो: "मार्केट थोडं डाउन आहे, पाच कमी करूया." तीन महिन्यांनी तुम्ही त्याच भावावर येता जो दुसऱ्याने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितला होता. तोवर घर मात्र 'बरेच दिवस पडून असलेलं' म्हणून एजंटांमध्ये माहीत झालेलं असतं, आणि प्रत्येक पार्टी त्याचा फायदा घेते.

यावर उपाय फुकट आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेले दस्त दिसतात. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात शोधायचं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात. तुमच्या सेक्टरमधले मागच्या वर्ष-दीड वर्षातले विक्रीचे दस्त उघडा आणि इंडेक्स टूमधला 'मोबदला' बघा. खरेदीदाराने कागदावर दिलेली रक्कम ती. त्याच पानावर 'बाजारभाव' असाही रकाना असतो. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दर तक्त्यावरून काढलेला आकडा आहे. त्यावरून विक्रीचा भाव ठरवू नका.

क्षेत्रफळ तपासताना फार काळजी घ्या. जुन्या करारांत बिल्टअप (भिंतींसह) लिहिलेलं असतं, नव्यांत कार्पेट (घरातली वापरायची जागा), आणि एजंट बोलताना सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून) सांगून मोकळे होतात. सगळे व्यवहार कार्पेटवर आणून प्रति चौरस फूट दर काढा. पार्किंग आहे का, मजला कितवा, लिफ्ट आहे का, इमारत किती जुनी, एवढं बाजूला टिपून ठेवा. पाच-सहा व्यवहार मिळाले की तुमच्या घराच्या भावाचा पट्टा तुम्हालाच दिसतो, अमुकपासून अमुकपर्यंत.

सध्या इथला प्रत्येक एजंट विमानतळाचं नाव घेतो. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला विमानं उडू लागली, हे खरंच आहे. उलवे-पनवेलच्या बाजूला त्याचा जो अर्थ आहे तोच कोपरखैरणेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या वन बीएचकेला लागू होईल असं नाही. एजंट विमानतळ म्हणाला की त्याला एवढंच विचारा: "त्यानंतर आपल्या सेक्टरमध्ये रजिस्टर झालेले दोन व्यवहार दाखवाल का?"

कोणाला बोलवायचं

तीन जणांना बोलवा. त्याहून जास्त नकोत. आणि शक्यतो तिघेही तुमच्याच नोडमधले, म्हणजे वाशी, ऐरोली, खारघर अशा तुमच्या उपनगरातले हवेत. ऐरोलीत घर घेणारा बरेचदा पुलापलीकडच्या मुलुंडहून येतो किंवा तिथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. वाशीत एपीएमसीतले, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारातले, व्यापारी घर शोधतात. खारघरला वेगळाच खरेदीदार, सीवूड्सला वेगळा. ज्याचा गाळा गेली कित्येक वर्षं तुमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर आहे, त्याच्या वहीत भाड्याने राहणारी आणि इथेच घर घ्यायची इच्छा असलेली कुटुंबं असतात. पोर्टलवर जाहिरात टाकणं कुणालाही जमतं, ती वही मात्र वर्षानुवर्षं एका जागी बसल्याशिवाय भरत नाही.

नावं कशी काढायची? सोसायटीच्या सचिवांना विचारा. "मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे झालेल्या विक्रीत कुठल्या एजंटची कागदपत्रं पूर्ण होती?" असं विचारलंत तर आम्ही सहसा खरं सांगतो, कारण अपुऱ्या फायलींचा त्रास आम्हालाच होतो. शेजारच्या दोन सोसायट्यांतही विचारा. ज्याने घर विकून झालं आहे त्याच्याशी बोला; घेणाऱ्याशीही बोललात तर उत्तमच.

समोर बसवून काय विचारायचं

आमच्या इमारतीतल्या एका काकूंकडे मी मुद्दाम थांबले होते. काका वारल्यानंतर त्यांना घर विकून मुलाकडे जायचं होतं. पहिला एजंट आला, बाल्कनीत जाऊन दोन फोटो काढले, स्वयंपाकघरात डोकावला आणि उभ्या-उभ्याच म्हणाला, "काकू, एक-पस्तीस आरामात. उद्या पार्टी आणतो." चहाही न घेता गेला.

दुसरा आला तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "काकू, फाइल बघू?" चष्मा लावून एकेक पान उलटत गेला. करारावरचा फ्लॅट नंबर आणि शेअर सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवला. सर्टिफिकेट उलटं करून मागची नोंद वाचली. काकांच्या जागी काकूंचं नाव नॉमिनी म्हणून लागलं होतं. तो थांबला. "काकू, मुलं किती?" मुलगा आणि पुण्याला मुलगी, असं कळल्यावर त्याने शांतपणे समजावलं की नॉमिनी म्हणून नाव लागलं तरी वारसांचा हक्क संपत नाही, मुलांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावं लागेल किंवा त्यांना विक्रीच्या करारावर सह्या कराव्या लागतील, खरेदीदाराची बँक हे विचारणारच. "आधी वकिलांना दाखवून हे करून घ्या. भावाचं नंतर बोलू." घर त्यालाच दिलं गेलं. पहिल्या एजंटच्या वाटेने गेलो असतो तर टोकन घेतल्यानंतर, बँकेच्या वकिलाच्या टेबलावर ही गोष्ट निघाली असती.

तर फाइल पुढे ठेवा आणि तो काय करतो ते बघा. मग हे विचारा. या सेक्टरमध्ये तुम्ही शेवटचे तीन कोणते व्यवहार केलेत, त्यांचे इंडेक्स टू दाखवता का? (दस्त नोंदला की तो सार्वजनिकच असतो, त्यामुळे "ते गुप्त असतं" हे उत्तर चालणार नाही.) तुमचा मोडलेला एखादा व्यवहार सांगा, तो कशामुळे मोडला? अनुभवी माणूस याचं उत्तर लगेच देतो: कर्ज नाकारलं गेलं, सिडकोची परवानगी अडकली, वारसांत वाद निघाला. "माझा एकही मोडला नाही" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. खरेदीदाराला कर्ज मिळेल की नाही हे तुम्ही घर दाखवण्याआधी तपासता की नंतर? आणि शेवटी, माझ्या घरात ग्राहकाला कोणती गोष्ट खटकेल? नुसतं कौतुक करणारा एजंट उद्या खरेदीदारासमोर त्या खटकणाऱ्या गोष्टीचं उत्तर देऊ शकत नाही.

वाशीसारख्या जुन्या नोडमध्ये आणखी एक प्रश्न हवाच. इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा आहे का, आणि तुम्ही आणणार ती पार्टी राहायला येणार की पुनर्विकासावर डोळा ठेवून पैसे गुंतवणार? गुंतवणूकदाराला विकण्यात काहीही गैर नाही. पण इमारतीत काय शिजतंय हे एजंटला ठाऊक आणि तुम्हाला नाही, अशा स्थितीत भाव ठरवू नका. सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं वाचून घ्या.

महारेरा नोंदणी

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्याखाली एजंटला महारेराकडे, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते. ती पाच वर्षांसाठी असते आणि २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणंही महारेराने सक्तीचं केलं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक मुदत संपलेला असू शकतो. मात्र एक लक्षात ठेवा. या कायद्याचा मुख्य रोख नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीत एजंटने घोळ घातला तर महारेरा धावून येईल अशी आशा धरू नका. नोंदणी म्हणजे माणूस धंद्यात गंभीर आहे याची खूण, एवढंच. तुमचं खरं संरक्षण लेखी करारात आहे.

एकाला की सगळ्यांना

"जितके जास्त एजंट तितक्या जास्त पार्ट्या," असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. सहा जणांना सांगितलेलं घर पोर्टलवर सहा वेळा दिसतं, तेही चार वेगवेगळ्या किमतींना. खरेदीदार अर्थातच सर्वांत कमी किमतीवाल्याला फोन लावतो आणि बोलणी तिथून सुरू होतात. शिवाय कोणताच एजंट अशा घरावर वेळ आणि पैसा घालत नाही. घर दुसऱ्याकडून जाण्याचीच शक्यता जास्त, हे त्यालाही कळतं.

माझा सल्ला असा: तिघांतून एकाला निवडा, दोन महिन्यांसाठी एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच्याकडेच, द्या आणि अट घाला की तो इतर एजंटांच्या पार्ट्याही आणेल. इथे एजंटांमध्ये 'साइड बाय साइड' चालतं, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पार्टीकडून दलाली घ्यायची. त्यामुळे याला नाही म्हणायचं कारण नसतं. नाही म्हणालाच, तर दोन्ही बाजूंची दलाली एकट्याला हवी म्हणून तो तुमचं घर इतरांपासून लपवून ठेवणार, हे उघड आहे.

आणि 'नेट' व्यवहाराला स्पष्ट नकार द्या. "काकू, तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचं आमचं आम्ही बघू," असं बोलणं आलं की तिथेच थांबा. अशा व्यवहारात खरेदीदार खरोखर किती देतोय हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुमची आणि त्याची भेट होऊ नये यातच एजंटचा फायदा असतो. वरची रक्कम रोखीत फिरवायची वेळ आली तर कागदावरचा आकडा आणि खरा आकडा वेगळे होतात, आणि आयकराची नोटीस आली तर ती एजंटला येत नाही, मालकाला येते.

लिहून काय घ्यायचं

एक-दोन पानांचं पत्र पुरतं, पण त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. दलालीचा दर आधी लिहा. इकडे विकणाऱ्याकडून साधारण १ ते २ टक्के मागतात. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरला आहे की वेगळा हे स्पष्ट करा. खरेदीदाराकडूनही तो घेणार असेल तर तेही लिहा, उघड असलं की वाद होत नाही. मुदतीची तारीख टाका आणि ती उलटली की पत्र आपोआप संपेल असं लिहा. पोर्टलवरची किंमत तुमच्या लेखी संमतीशिवाय बदलायची नाही, हेही टाका.

एक कलम बहुतेक जण विसरतात. तुमचे नातेवाईक, शेजारी, किंवा एजंट येण्याआधीच ज्यांच्याशी तुमचं बोलणं चालू होतं, त्यांची नावं पत्राखाली लिहून ठेवा. त्यांच्यापैकी कोणी घर घेतलं तर दलाली लागणार नाही. शेजारच्या ब्लॉकवाल्याने घर घ्यायचं ठरवलं आणि एजंट दलालीसाठी दारात उभा राहिला, असे प्रसंग इथे घडतात.

हस्तांतरणाच्या खर्चाची वाटणीही आताच बोलून घ्या. सिडकोचं शुल्क कोण भरणार हे दोन पक्ष वाटाघाटीत ठरवतात. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेता येतात. "देणगी" म्हणून त्याहून जास्त मागणी झाली तर ती भरायला तुम्ही बांधील नाही. हे एजंटने खरेदीदाराला आधीच सांगायचं असतं.

घर दाखवताना आणि टोकन घेताना

प्रत्येक व्हिजिटच्या आधी पार्टीचं नाव तुम्हाला व्हॉट्सअॅपवर यायला हवं. याने दोन गोष्टी होतात: घरात कोण येतंय हे कळतं, आणि उद्या दोन एजंट "ही पार्टी माझी" म्हणून भांडले तर तारीख-वेळेसह पुरावा असतो. घरी वयस्कर माणसं एकटी असतील तर व्हिजिटच्या वेळा ठरवून द्या, शनिवार-रविवार संध्याकाळी वगैरे. रिकाम्या घराची चावी दिलीत तर ती घेतल्याची सही घ्या.

टोकन थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा बँक ट्रान्सफरने. एजंटच्या खात्यात कधीही नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो, त्यामुळे "एवढे कॅशमध्ये घ्या, बाकी चेक" याला बळी पडू नका. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो आणि तो तुमच्या पॅनवर जमा करतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपात बरीच जास्त असते. चांगला एजंट हे पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंना सांगतो. पण कर किती लागेल आणि कसा वाचेल, हे मात्र त्याला विचारू नका. त्यासाठी सीए गाठा.

दलाली कधी द्यायची

टोकनच्या दिवशी पूर्ण दलाली मागणारे बरेच आहेत. देऊ नका. अर्धी दलाली करारनाम्याची नोंदणी झाल्यावर आणि उरलेली अर्धी, घराची पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात येऊन ताबा दिल्यावर, असं पत्रातच लिहून ठेवलं की शेवटपर्यंत एजंटचं लक्ष राहतं. सोसायटीचे अर्ज, सिडकोच्या खिडकीवरच्या फेऱ्या, महावितरणचं मीटर, महानगर गॅसचं कनेक्शन, महापालिकेच्या मालमत्ता कराची नोंद, ही कामं नोंदणीनंतरच उरतात आणि नेमका तेव्हाच एजंटचा फोन लागेनासा होतो. कोणती कामं त्याची आणि कोणती खरेदीदाराची, हेही त्याच पत्रात घाला.

दलाली बँकेतून द्या आणि नावासह पक्कं बिल घ्या. भांडवली नफा काढताना दलाली हा विक्रीचा खर्च म्हणून वजा होतो, पण त्यासाठी सीएला बिल दाखवावं लागतं.